तारेचे माप कोण ठरवणार?

रब्बीचा हंगाम आला की महाराष्ट्रातल्या प्रत्येक उपकेंद्राच्या दारात एक ठरलेला संवाद होतो. शेतकरी विचारतो, दिवसा वीज का नाही? खुर्चीवरचा माणूस म्हणतो, वर लाइन भरली आहे. शेतकरी गप्प होतो आणि घरी येतो. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, सापाविंचवाच्या आणि आता बिबट्याच्याही भीतीत, बांधावरून मोटार चालू करायला जातो. 'लाइन भरली' या दोन शब्दांपुढे आजवर कुणी तिसरा शब्द उच्चारलेला नाही. तो तिसरा शब्द उच्चारण्यासाठी हे संपादकीय आहे. लाइन भरली म्हणजे नेमके काय भरले? किती भरले? आणि भरण्याचे माप कुणी, कधी, कोणत्या दिवसाचे धरून ठरवले?

हे आम्ही कोकणात, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीत बसून लिहीत आहोत. कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात कोकण कशाला, असे कुणी म्हणेल. कारण असे की, हा प्रश्न समजून घ्यायचा तर वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार आणि पिंगुळीतला आषाढातला वारा शेजारी शेजारी ठेवून पाहावा लागतो. वीज वाहणारी तार दोन्हीकडे एकाच जातीची असते. पण ती किती वीज वाहून नेऊ शकते ते दोन्हीकडे सारखे नसते. कागदावरचे माप मात्र एकच राहू शकते. सगळी मेख इथे आहे.

तार तापते, लांबते, लोंबते

आधी तारेचा स्वभाव पाहू. मोठ्या मनोऱ्यांवरून जाणारी तार तांब्याची नसते. मधोमध पोलादाचे धागे आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमचे धागे वळलेले असतात. पोलाद ताण सोसते, ॲल्युमिनियम वीज वाहते. या तारांना इंजिनिअर लोकांनी जनावरांची नावे दिली आहेत. १३२ केव्हीच्या वाहिनीवर बहुधा 'पँथर' असते, २२० केव्हीवर 'झेब्रा', ४०० केव्हीवर 'मूज'. वीज जाऊ लागली की तार तापते. तापली की लांबते. लांबली की दोन मनोऱ्यांच्या मध्ये खाली लोंबते. तिचा झोळ वाढतो आणि ती आपल्या पिकाच्या, झाडाच्या, कडब्याच्या गंजीच्या जवळ येते. ४०० केव्हीची तार जमिनीपासून किमान ८.८४ मीटर, २२० केव्हीची ७ मीटरच्या थोडी वर आणि १३२ केव्हीची ६.१ मीटर उंच राहिलीच पाहिजे, असा नियम आहे. म्हणून तारेला तापमानाची मर्यादा घालतात. जुन्या वाहिन्यांना ती बहुधा ७५ अंशांची आहे, नंतरच्या वाहिन्यांना ८५ अंशांचीही असते. तार या अंशापर्यंत तापेल इतका प्रवाह म्हणजे त्या वाहिनीची क्षमता.

आता शेतकऱ्याला समजेल असा प्रश्न. तार किती तापेल हे फक्त विजेवर अवलंबून आहे काय? मुळीच नाही. खळ्यावर ज्वारी उफणलेल्या माणसाला वारा म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. ओले धोतर वाऱ्यावर किती लवकर वाळते आणि पडल्या हवेत किती वेळ ओले राहते, हे घरोघरी ठाऊक आहे. घामाने भिजलेल्या अंगाला वाऱ्याची एक झुळूक लागली की जीव थंड होतो. तारेचेही तसेच आहे. विजेमुळे आणि उन्हामुळे तिला उष्णता मिळते. वारा ती उष्णता उडवून नेतो आणि थंड हवा ती शोषून घेते. येणारी आणि जाणारी उष्णता जिथे बरोबर होते, तिथे तारेचे तापमान ठरते. म्हणजे तारेची क्षमता हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. ती तासातासाला बदलते.

मग कागदावर एकच आकडा कसा येतो? आपल्या देशात वाहिन्यांचे नियोजन करताना जी गृहीते धरण्याची पद्धत आहे, ती अशी: हवेचे तापमान ४५ अंश, वारा ताशी फक्त २ किलोमीटर, आणि ऊन चौरस मीटरला १०४५ वॅट, म्हणजे डोक्यावरचे कडक ऊन. थोडक्यात, मे महिन्यातली, पान न हलणारी, रणरणती दुपार. त्या दुपारी तार किती वीज सोसेल ते मोजायचे आणि तोच आकडा त्या वाहिनीच्या नावापुढे लिहून ठेवायचा.

सावधगिरी म्हणून हे चूक नाही. पण विचार करा. श्रावणातल्या चिखलात बैल जितके ओढू शकतात तितकीच पोती गाडीत घालायची, असा नियम आपण माघातल्या कोरड्या रस्त्यालाही लावू काय? चिखलात चार पोती घालणारा शहाणा शेतकरी कोरड्या रस्त्यावर आठ घालतो. त्यासाठी तो बैल बदलत नाही की नवी गाडी घेत नाही. तो फक्त रस्ता पाहतो.

आकडे काय म्हणतात

आम्ही शेतीशास्त्राचे विद्यार्थी. पिकाच्या पानातून पाणी किती उडते याचा हिशेब आम्ही ऊन, वारा आणि तापमान यांवरून मांडायला शिकलो. तारेतून उष्णता किती उडते याचा हिशेब त्याच घराण्यातला आहे आणि त्याची सूत्रे जगभर छापलेली आहेत. ती सूत्रे घेऊन 'मूज' जातीच्या एका तारेचा ढोबळ हिशेब आम्ही मांडला. तार ७५ अंशांपर्यंत तापू द्यायची आणि वारा तारेला आडवा लागतो, एवढे गृहीत धरले.

मेची दुपार, हवा ४५ अंश, वारा ताशी २ किलोमीटर: सुमारे ६३० अँपिअर. हा झाला कागदावरचा आकडा.

रब्बीतला दिवस, हवा २८ अंश, वारा तितकाच मंद, ऊन पूर्ण: सुमारे ९०० अँपिअर.

पौषातली रात्र, हवा १५ अंश, वारा तितकाच मंद: १२०० अँपिअरच्या पुढे.

पिंगुळीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात, हवा ३० अंश, वारा ताशी ७ किलोमीटर, ऊन पूर्ण धरूनही: १३०० अँपिअरच्या घरात.

आणि आता उलटी बाजू. चंद्रपूरची ४७ अंशांची दुपार आणि वारा ताशी एका किलोमीटरवर आलेला: जेमतेम ४२० अँपिअर.

या पाच आकड्यांत सगळे संपादकीय आले. तार तीच, मनोरे तेच, वरचे मालकही तेच. पण क्षमता ४२० पासून १३०० पर्यंत. रब्बीच्या दिवसा, वारा वाढला असे काही न मानता, केवळ हवा थंड आहे एवढे मान्य केले तरी तार कागदापेक्षा ४० टक्क्यांहून जास्त वीज नेऊ शकते. आणि रब्बीचा दिवस म्हणजेच आपली गरज. रब्बी ज्वारीला पेरणीपासून २८ ते ३० दिवसांनी, ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत, ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ९० ते ९५ दिवसांनी दाणा भरताना पाणी मिळाले तर पीक हाती येते. कोरडवाहूवाल्याच्या विहिरीत चारही पाळ्यांचे पाणी कुठले? एखादीच पाळी द्यायची असते, कपाशीला बोंडे भरताना किंवा ज्वारीला पोटरीत. ती त्या आठवड्यातच द्यावी लागते. त्या आठवड्यात वीज चुकली तर पुढे महिनाभर फुकट दिली तरी तिचा उपयोग नाही.

तासातासाच्या हवेप्रमाणे तारेचे माप बदलत नेणे, यालाच वीजशास्त्रात बदलते औष्णिक मापन म्हणतात. कल्पना नवी नाही. अमेरिकेत डेट्रॉईट एडिसन कंपनीच्या डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने ती १९७७ मध्ये शास्त्रीय पद्धतीने मांडली. आज तारेवर बसवायची यंत्रे मिळतात. कुणी तारेचा ताण मोजतात, कुणी झोळ, कुणी तारेची थरथर. बेल्जियमच्या पारेषण कंपनीने लिएज विद्यापीठातून निघालेली अशी यंत्रे आपल्या वाहिन्यांवर बसवली. अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये ८८१ क्रमांकाचा आदेश काढला. वाहिन्यांचे माप वर्षभर एकच न ठेवता हवेच्या तापमानाप्रमाणे बदलत ठेवा, असे त्याने पारेषण कंपन्यांना बजावले आणि त्यासाठी जुलै २०२५ ची मुदत घातली. म्हणजे ज्या देशाचे गोडवे आमचे सरकार उठता बसता गाते, त्या देशात हे काम कायद्याच्या जोरावर करून घ्यावे लागले. कंपन्या आपण होऊन करत नाहीत. का करत नाहीत, ते पुढे पाहू.

इंजिनिअर काय म्हणतील

कार्यकर्त्यांनी हा विषय घेऊन सभेत जाण्यापूर्वी समोरून येणारे आक्षेप नीट समजून घ्यावेत. त्यांतले काही खरे आहेत आणि खऱ्याला खरे म्हणण्यातच चळवळीची ताकद आहे.

पहिला आक्षेप: वारा सगळीकडे सारखा नसतो. खरे आहे. वाहिनी शंभर मनोऱ्यांवरून जाते. नव्याण्णव गाळ्यांत वारा आहे आणि एका गाळ्यात नाही, तर त्या एका गाळ्यात तार तापेल आणि लोंबेल. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरणाऱ्या वाहिनीचा विचार करा. घाटमाथ्यावर सोसाट्याचा वारा आणि खाली झाडीने झाकलेल्या दरीत पान हलत नाही. वाहिनीचे माप दरीतल्या गाळ्यावरून धरावे लागेल. शिवाय वारा तारेच्या दिशेनेच वाहिला तर आडव्या वाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी थंडावा मिळतो. म्हणून पिंगुळीचा १३०० चा आकडा आम्ही दाखवण्यापुरता दिला आहे, मागण्यापुरता नव्हे. वाऱ्यावर विसंबायचे तर यंत्रे बसवावी लागतील आणि तीही योग्य गाळ्यांत. पण हवेच्या तापमानाला ही अडचण नाही. पौषात अकोल्यात थंडी असेल तर ती सगळ्या गाळ्यांत असते. त्यासाठी यंत्र नको, थर्मामीटर पुरे.

दुसरा आक्षेप: लांब वाहिनीची मर्यादा उष्णतेने ठरत नाही. हेही खरे. साधारण ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या वाहिनीला उष्णतेची मर्यादा आडवी येते. त्याहून लांब वाहिनीत आधी व्होल्टेज पडते, मग यंत्रणेचा तोल जातो. शेकडो किलोमीटर जाणाऱ्या वाहिनीला वाऱ्याच्या हिशेबाने फार फायदा होणार नाही. पण तालुक्याच्या उपकेंद्राला वीज आणणाऱ्या १३२ आणि २२० केव्हीच्या वाहिन्या बहुधा आखूड असतात. आपला प्रश्न त्यांचाच आहे.

तिसरा आक्षेप: तार सोसेल, पण उपकेंद्रातले ट्रान्सफॉर्मर, खटके आणि तारांचे जोड सोसतील काय? रास्त प्रश्न. गाडी कितीही भक्कम असली तरी आसाची खीळ मोडली तर ती बसतेच. जिथे जोड कच्चा असेल तिथे जोड बदला. नव्या वाहिनीच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ आहे. ट्रान्सफॉर्मरचे म्हणाल तर त्याची क्षमताही तेलाच्या आणि गुंडाळीच्या तापण्यावरच ठरते. तोही थंड रात्री जास्त सोसतो आणि उन्हाळ्यात कमी. गावातली डीपी जळते ती मात्र या शास्त्राने वाचणार नाही. तिच्यावर मुळातच क्षमतेबाहेर मोटारी जोडलेल्या असतात आणि तिचे तेल कुणी तरी काढून नेलेले असते. वरची वाहिनी मोकळी झाली म्हणजे आपली डीपी सुधारली, असे सांगत कुणी कार्यकर्ता फिरू लागला तर त्याला थांबवा.

चौथा आक्षेप: यात धोका आहे. एक वाहिनी बंद पडली तर तिचा भार शेजारणीवर जातो, म्हणून हात राखूनच वीज सोडावी लागते. हेही मान्य. पण धोका कशात आहे ते इतिहासात पाहू. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. सुरुवात ओहायो राज्यात झाली. उन्हाळ्याच्या दुपारी तारा लोंबल्या आणि खाली वाढलेल्या झाडांना टेकल्या. पहिली वाहिनी पडली तेव्हा तिच्यावर तिच्या कागदी क्षमतेच्या निम्मासुद्धा भार नव्हता! कागदाने तिला वाचवले नाही. खाली झाड किती वाढले आणि वर तार किती लोंबली, हे कुणी पाहतच नव्हते. आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना-ग्वाल्हेर वाहिनी पडली आणि सगळा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन विभागांतल्या साठ कोटी लोकांची वीज गेली. आपला पश्चिम विभाग वाचला. तिथे तार तुटलेली नव्हती की कुठे टेकलेली नव्हती. राखणीला बसवलेल्या यंत्रणेला भारी ओझे हाच बिघाड वाटला आणि तिने वाहिनी तोडली. दोन्ही प्रसंगांचा बोध एकच आहे. वाहिनीची खरी अवस्था त्या घटकेला माहीत नसणे, हाच मोठा धोका. आम्ही मागतो ते मापन हा धोका कमी करणारे आहे.

आणि चंद्रपूरचा ४२० चा आकडा विसरू नका. उन्हाळ्यात विदर्भात पारा ४६, ४७ अंशांवर जातो हे काही नवल राहिलेले नाही. अशा पडल्या हवेच्या दुपारी कागदावरचा ६३० चा आकडा सुरक्षित नाही, तो फसवा आहे. त्या दुपारी तार आपल्या शेतात ठरल्यापेक्षा खाली येते. खाली पऱ्हाटीचा ढीग, कडब्याची गंजी, कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली. म्हणून आमची मागणी एकतर्फी नाही. हिवाळ्यात माप वाढवा, आणि उन्हाळ्यातल्या जीवघेण्या दुपारी ते कमी करा. माप खरे असावे, एवढेच.

मग हे होत का नाही?

याचे उत्तर वीजशास्त्रात नाही, अर्थशास्त्रात आहे. पारेषण कंपनीला परतावा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर. नवी वाहिनी टाकली, शेकडो कोटींचा खर्च दाखवला, की त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी परतावा वीजदरातून वसूल करता येतो. जुन्याच वाहिनीतून थर्मामीटर लावून ४० टक्के जास्त वीज नेली, तर खर्च नाही म्हणून परतावाही नाही. काटकसर करणाऱ्याला बक्षीस नाही आणि उधळपट्टी करणाऱ्याला व्याज, अशी ही रीत आहे. शेतीमालाच्या बाजारात आपण जी रीत आयुष्यभर पाहिली, तीच इथे तारेवर चढून बसली आहे.

आणि नवी वाहिनी जाते कुठून? मंत्रालयावरून जात नाही. ती आपल्या वावरातून जाते. ४०० केव्हीच्या वाहिनीचा पट्टा साधारण ४६ मीटर रुंद, २२० केव्हीचा ३५ मीटर. त्या पट्ट्यात विहिरीचे बांधकाम नाही, घर नाही, मोठे झाड नाही. मनोरा उभा राहतो तिथे औत फिरत नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार २००३ च्या वीज कायद्याने वीज कंपन्यांच्या हाती देण्याची सोय करून ठेवली. त्या जोरावर जमीन संपादन न करताच मनोरे उभे राहिले. मोबदल्याचे नाव निघायला ऑक्टोबर २०१५ उजाडावे लागले. तेव्हा केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत. जून २०२४ मध्ये त्या सुधारून पायाला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के करण्यात आल्या. कागदावर बरे आहे. पण ती किंमत कोणत्या दराने धरायची, हे भांडण आजही गावोगाव चालू आहे.

विदर्भातल्या शेतकऱ्याने तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. कोळसा चंद्रपूरचा, राख चंद्रपूरची, धूर चंद्रपूरचा. १९९९ मध्ये चंद्रपूरपासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची, १५०० मेगावॉट वाहणारी, एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. 'भारता'च्या वावरावरून 'इंडिया'च्या दिवाणखान्यात वीज गेली. शहराला वीज जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. शहरही आपलेच गिऱ्हाईक आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघे आणि पुणे-खारघर या वाहिन्यांच्या घोटाळ्यात मुंबईची वीज काही तास गेली, तर चौकश्या बसल्या, मंत्री धावले, छापील अहवाल निघाले. आपल्या फीडरवर तीस वर्षे वीज जाते, त्याची चौकशी कोणत्या समितीने केली?

सरकार म्हणेल, आम्ही काय कमी केले? २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर केली. सौर वाहिनीचे आम्ही स्वागतच करतो. गावाजवळ तयार झालेली दिवसाची वीज गावातच वापरली तर वरच्या तारेवरचा भार हलका होतो. पण मोफत विजेबद्दल एक स्पष्ट बोलायला हवे. रात्री दोनला मिळणारी फुकट वीज ही स्वस्त नसते. तिची किंमत झोपेने, जागलीने आणि कधी कधी जिवाने मोजावी लागते. फुकट म्हटले की माप विचारण्याचा हक्कही गमावतो, असे सरकारला वाटू लागते. आम्हाला भीक नको, माप हवे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर आणि धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा सुटला की त्यांची वीज वाढते आणि वाहिनी भरते. पण तोच वारा त्या परिसरातली तारही थंड करतो! ज्या घटकेला वीज जास्त, त्याच घटकेला तारेची ताकदही जास्त. निसर्गाने दिलेला हा मेळ कागदावरच्या एका आकड्यापायी वाया घालवणे, हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने गुन्हाच आहे. आपण पावसाचा थेंब वाया जाऊ देत नाही.

आपण काय मागायचे

तारेतून जास्त वीज जाऊ लागली म्हणजे ती आपल्यालाच मिळेल, या भ्रमात कुणी राहू नये. मागणी बांधून केली नाही तर वाढलेली वीजही वरच्या वर निघून जाईल. पिंगुळी हे कळसूत्री बाहुल्यांचे गाव आहे. इथल्या ठाकर कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ जपला आहे. बाहुली कितीही नाचली तरी दोरी कुणाच्या हाती आहे ते पाहावे लागते. विजेच्या दोरीचे टोक कुणाच्या हाती आहे, हे पाहण्यासाठी जिल्हा बैठकांमध्ये पुढील मागण्यांवर ठराव व्हावेत:

एक. आपल्या तालुक्याला वीज आणणाऱ्या प्रत्येक १३२ आणि २२० केव्ही वाहिनीची क्षमता, ती किती तापमान आणि किती वारा धरून काढली त्यासह, महापारेषणने जाहीर करावी.

दोन. कार्तिक ते माघ या काळासाठी हवेच्या तापमानाप्रमाणे वेगळे माप लावावे. यंत्रांची वाट पाहण्याची गरज नाही. हे येत्या रब्बीत होऊ शकते.

तीन. त्यातून मोकळी होणारी क्षमता पहिल्याने कृषी फीडरच्या दिवसाच्या पुरवठ्याला द्यावी, आणि ती किती दिली त्याचा तालुकावार हिशेब मांडावा.

चार. 'लाइन भरली' या कारणाने वीज बंद केली तर त्या तासाची नोंद, भार किती आणि माप किती, ती मागेल त्याला दाखवावी.

पाच. वावरातून नवी वाहिनी टाकण्याआधी, जुन्या वाहिनीचे खरे माप तपासले काय, जास्त उष्णता सोसणारी आणि कमी लोंबणारी तार त्याच मनोऱ्यांवर बसवण्याचा विचार केला काय, याचे लेखी उत्तर ग्रामसभेला द्यावे. तरीही वाहिनी लागणारच असेल तर पूर्ण मोबदला आधी, मनोरा नंतर.

सहा. ४५ अंशांच्या वर पारा गेला की माप उतरवावे, आणि उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक गाळ्यात तारेची उंची मोजावी.

यांतली एकही मागणी पैशाची नाही. तिजोरीत खडखडाट आहे, हे उत्तर इथे चालणार नाही.

काम कसे करायचे तेही सांगतो. प्रत्येक तालुक्यातून एका कार्यकर्त्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागण्या एक आणि चारची माहिती मागवावी. प्रश्न साधा लिहावा: अमुक वाहिनीची अँपिअरमधली क्षमता किती, ती कोणत्या तापमानाला आणि किती वाऱ्याला, आणि गेल्या रब्बीत रोज दुपारी बारा वाजता तिच्यावर भार किती होता. या एका प्रश्नातच दूध आणि पाणी वेगळे होईल. महापारेषण आणि महावितरण यांच्या दरवाढीच्या अर्जांवर राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. तिथे कारखानदारांचे वकील बसतात आणि आपल्या खुर्च्या रिकाम्या असतात. आलेल्या उत्तरांच्या नकला घेऊन या वेळी त्या खुर्च्या भराव्यात. प्रत्येक गावात एक साधा थर्मामीटर सावलीत टांगावा आणि वीज गेली त्या वेळचे तापमान शाळेतल्या पोरांकडून वहीत लिहून घ्यावे. महिन्याभराची वही समोर ठेवली की, अठ्ठावीस अंशांत तुमची लाइन कशी भरली, या प्रश्नाला साहेबांना उत्तर द्यावेच लागेल.

बाजार समितीत काटा मारला तर आपण काटा तपासायला शिकलो. जिनिंगवर कापसाच्या ओलाव्याचे यंत्र खोटे दाखवते म्हटल्यावर ते यंत्र समजून घेतले. तारेचे माप हाही एक काटाच आहे. तो आजवर आपल्या डोक्यावर तीस हात उंच टांगलेला होता, म्हणून कुणी तपासला नाही. येत्या रब्बीत तो खाली उतरवायचा आहे.